ग्रॅनाइटचा जीवखडा

औरंगाबाद, ६ एप्रिल १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. त्या सकाळी आईला अग्नी दिल्यावर मडकं खांद्यावर घेऊन उभा राहिलो. मडक्याला भोक पाडायला दगड हवा होता. स्मशानात नवा निवारा बांधताहेत. पायाशी पडलेला एक तुकडा मी न पाहताच उचलून दिला. पुढे दहा दिवस त्यालाच आई मानून तिळाचं पाणी घातलं. दहाव्याला कावळा शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. खाम नदी कोरडी, म्हणून जीवखडा विसर्जनावाचून परत आणला. गॅलरीत कापडात बांधून टांगला आहे.

काल मृण्मयीने तो सोडून पाहिला. कॉलेजात तिचा विषयच दगडांचा. म्हणाली की हा आपल्याकडचा काळा पाषाण नव्हे, ग्रॅनाइट आहे; देणगीदाराच्या पाटीसाठी बाहेरून आणला असेल. दोन्ही आगीतलेच. पण काळा पाषाण लाव्हा होऊन जमिनीवर आला आणि लवकर निवला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटातच राहिला, फार सावकाश निवला, म्हणून त्याचे पांढरे, गुलाबी कण वेगळे दिसतात.

आईला आपल्या मातीतला दगडसुद्धा मिळाला नाही. वाईट वाटायला हवं, पण काही वाटत नाही. ऑफिसला जातो, टँकर आला की हंडे भरतो, संध्याकाळी स्तोत्र म्हणतो. काय करावं ते कळव.

तुझा,
मुकुंद


पिशोर, १२ एप्रिल १९८७

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, परक्या दगडात जीव कसा थांबेल; काळा दगड घेऊन दहावा पुन्हा करायला सांग. मी म्हटलं, आईनं जन्मात कुणाला परकं म्हटलं नाही, आता दगडाला म्हणणार व्हय? रागावून त्यांनी चहा घेतला नाही. मग थोड्या वेळानं स्वतःच मागितला.

मी इथं लई रडले, गल्लीतल्या बायांना घेऊन रडले, अन् निवले. तुझ्या लेकीच्या हिशोबानं मी काळा दगड. तू लहानपणापासून पोटात ठेवणारा. पण एक विचारते. खामला पाणी नाही, मान्य. पैठणला गोदावरीच्या डोहात आहे ना? तुमच्याकडचे सगळे तिथंच जातात. एस.टी. कुठं मिळते हे काय मी पिशोरातून सांगू? पाण्याचं निमित्त पुरे, बाळा. आईला टांगून ठेवू नको.

लोभ आहेच, या उन्हाळ्यात तेवढा आटायचा नाही.

तुझी,
अक्का (कालिंदी)


औरंगाबाद, १९ एप्रिल १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

निमित्तच होतं. दहा दिवस संपले तरी मी रोज सकाळी त्या दगडावर पाणी घालत होतो. आधी तिचं औषध, तिची अंघोळ, मग हे. हेही संपलं की तिच्यासाठी करण्यासारखं काही उरणार नव्हतं. मामंजींचं म्हणणं वाचून खरं तर मला बरं वाटलं. दगड परका आहे म्हणून नव्हे. आणखी दहा दिवस मिळाले असते.

मामंजींना माझा नमस्कार सांग. दहावा पुन्हा केला नाही. आज पैठणला गेलो. पाणी लांब सरकलंय, तापलेल्या वाळूतून बरंच चालावं लागलं. रडू आलं नाही. त्याच दगडावर तिळाचं पाणी घातलं आणि तो डोहात सोडला.

तुझा,
मुकुंद