कलादालनात केलेलं रफू

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज). तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला, दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस म्हणून पत्र. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून मला एका जागी बसवत नाही. गेल्या आठवड्यात घरातले पडदे तिसऱ्यांदा काढून पुन्हा लावले. त्यामुळे परवा तू म्हणालीस, "तुझ्या भाचीनं काय टांगलंय ते गुपचूप बघून ये, पण मी पाठवलं म्हणून सांगू नकोस," ('माझी मुलगी' म्हणायला तुझी जीभ अजून वळत नाही, ते असो) तेव्हा तुझं वाक्य संपायच्या आत माझ्या पायांत चपला होत्या.

सरकारी कलादालनात या मोसमात तीन प्रदर्शनं आहेत. पहिल्या खोलीत काळोख आणि एकच दिवा, तोही लागतो नि विझतो. वायरमन येईल म्हणून मी वीस मिनिटं थांबलो. शेवटी दारातल्या बाईंना सांगितलं, होल्डर ढिला आहे. त्या म्हणाल्या, हीच कलाकृती आहे. दुसऱ्या खोलीत नुसते दगड. एका गृहस्थांनी मला विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, उचलायला माणसं किती लागली? ते "वा!" म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तिसरं आपल्या बयेचं. एक पांढरं कापड टांगलेलं आणि खालून हातभर फाटलेलं. बाकी काही म्हणता काही नाही! ताई, चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवलेला माणूस मी. समोर फाटकं कापड, कॉलरच्या मागे दोरा ओवलेली सुई (सवय जात नाही गं). हात शिवशिवायला लागले. मला वाटलं, टांगताना फाटलं असेल, पोरीच्या लक्षात आलं नसेल, सख्ख्या मामानं नुसतं बघत बसायचं का? बसलो खाली, घातले टाके. हळूहळू माणसं जमली. फोटो काढले. एक बाई चक्क डोळे पुसत होत्या. रखवालदार धावत आला तेव्हा मी गारच पडलो, पण तो लोकांनाच दटावू लागला, "मागं सरा, कलाकाराला जागा द्या." मग मीही जरा ताठ बसलो, खोटं कशाला सांगू.

रफू करत करत काठापाशी आलो आणि हात थांबला. हिरव्या दोऱ्याची दुमड. ताई, तो काठ मीच मारलाय. तुझी चादर आहे ती! पोर घर सोडून निघाली त्या दिवशी एक टोक तिच्या हातात, दुसरं तुझ्या, मी मध्ये उभा राहून "अगं सोडा, सोडा" करत होतो आणि चादर टर्रकन फाटली. दोन वर्षं झाली. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि फोन मात्र दोघींचे मला. माझा जीव मेटाकुटीला आलाय, हे एकदा लिहूनच टाकतो.

तेवढ्यात ती आली. ओरडेल असं वाटलं, पण शेजारी फतकल मारून बसली, रफूवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, तुला आईनं पाठवलं ना?" मी साफ नाही म्हटलं. शपथसुद्धा घेतली. मग ती म्हणाली, "उसव." स्वतःच्या हातचं रफू उसवताना काय वाटतं ते शिंप्यालाच ठाऊक. पण उसवलं.

बाकी, गुडघे दुखत असताना मुद्दाम येऊन बघावं असं तिथं काही नाही. तू आहेस तिथं बरी आहेस.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. लिफ्ट आहे. बसायला बाकही आहेत.

ता. क. ती शपथ मी दुसऱ्याच मिनिटाला मोडली. तू पाठवलंस म्हटल्यावर ती रडली. उसवायला सांगितलं ते त्यानंतर. "हे तू शिवायचं नाहीस, मामा," म्हणाली.

ता. क. ती आत्ता माझ्या शेजारी बसून हे सगळं वाचतेय. 'आई, ये' असं पत्रात कुठंही लिहायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. म्हणून मी लिहिलेलं नाही.