एकोणीस बिल्ले

कील बंदर, जर्मनी, ३ मार्च १९४१

मी, हार्म एनो तियाडेन, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त जहाज-सुतार, शिक्षण इयत्ता चौथी, जे पाहीन तेच या वहीत लिहून ठेवीन. एकेचाळीस वर्षांच्या चाकरीत माझ्या नावापुढे एकही वाईट शेरा पडलेला नाही. लढाईमुळे माणसे कमी पडली, म्हणून मला सन्मानाने परत बोलावून पाणबुडीच्या धक्क्यावरील बिल्ल्यांचे काम सोपवण्यात आले. खोली लहान पण कोरडी आहे. शेगडी उत्तम तापते. शेजारच्या मासळीवालीने धुरावलेल्या माशांचा पुडाही दिला.

कामाची रीत सरळ आहे. बोटीत उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला माझ्या फळ्यावर टांगतो. परतल्यावर क्रमांक व नाव मोठ्याने सांगून घेऊन जातो. फळा रिकामा झाला म्हणजे सर्व माणसे वर आली. ज्याने बिल्ला टांगला, त्यालाच तो परत द्यावा, असा नियम आहे.

बोट माझ्या ओळखीची. अडतीस साली तिच्या पाठीवरच्या लाकडी फळ्या मीच बसवल्या. उत्तर समुद्रात तिने दोन मोहिमा केल्या, तीन जहाजे बुडवली. गेल्या नोव्हेंबरात सरावाच्या वेळी आपल्याच एका जहाजाची धडक बसून ती तळाला गेली. पंचवीस जण वर आले. शेपटाकडचे एकोणीस आत राहिले. जानेवारीत तिला वर काढून, धुऊन, रंगवून नवी केली आहे. आता तिच्यावर नवे चव्वेचाळीस खलाशी आहेत. इंजिनावर माझा एकुलता मुलगा फोल्कर्ट आहे.

५ मार्च

एकोणीस बिल्ले कमी पडले. पितळ कोठेही मिळत नाही. टेबलाच्या खणात सिगारच्या डब्यात मला जुने एकोणीस सापडले. त्यांचे धनी परतले नाहीत, म्हणून ते फळ्यावरच राहिले होते. राख व व्हिनेगर लावून मी ते लख्ख घासले आणि नव्या माणसांना वाटले. सर्वांत चकचकीत निघाला तो एकतीस क्रमांकाचा. तो फोल्कर्टला दिला.

बारा क्रमांक आचारी ल्युडेके याला मिळाला. तो म्हणाला, "आजोबा, यात तर तोंड दिसतंय! दाढी इथंच उरकतो." फोल्कर्ट म्हणाला, "एक बिल्ला हुकावर उरला ना, तर आमच्या बाबांना घास उतरत नाही." सगळे हसले. मलाही वाईट वाटले नाही.

११ मार्च

पहिली बुडी. सकाळी आठला गेले, दुपारी एकला परतले. ल्युडेके खिडकीशी आला व म्हणाला, "बारा. ओटो किस्ट." कामात थट्टा चालणार नाही, अशी मी समज दिली. तो हसला नाही. बिल्ला त्याच्या हाती देताना हिरवा पडलेला दिसला. ऊन होते, धक्का कोरडा होता. त्याच्या बुटांचे ओले ठसे मात्र दारापर्यंत उमटले.

चव्वेचाळीस गेले, चव्वेचाळीस आले. वहीत 'बरोबर' लिहिले.

१२ मार्च

जुनी नोंदवही उघडली. क्रमांक बारा — ओटो किस्ट, वय चोवीस. न परतलेल्यांत.

आज आणखी तिघे. तिघांनी जुनीच नावे सांगितली.

१९ मार्च

आता अकरा झाले. वरिष्ठांकडे रीतसर गेलो. जुने बिल्ले मीच वाटले, हेही सांगितले. पितळ वाचवल्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग माझीच वही माझ्यापुढे धरून विचारले, "चव्वेचाळीस गेले, चव्वेचाळीस आले. हे 'बरोबर' कुणी लिहिलंय, तियाडेन?"

अक्षर माझे होते.

२४ मार्च

सतरा. जुने बिल्ले मिळालेल्यांपैकी दोघेच अजून आपल्या नावाने बोलतात. त्यांत फोल्कर्ट.

तो जेवायला आला होता. ल्युडेके कॉफीत मीठ घालतो आणि कोणी तक्रार करत नाही, असे म्हणाला. काम संपले की ते सतरा जण शेपटाकडे जाऊन बसतात, बोलत नाहीत. जाऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. आयुष्यात प्रथमच विनंती केली.

"बाबा, न जाऊन कसं चालेल? पळून गेला म्हणतील, भिंतीशी उभा करून गोळी घालतील." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही फक्त फळा नीट सांभाळा."

२६ मार्च

अठरा.

२७ मार्च, सकाळ

नियम मोडला. एकतीस त्याच्याकडून मागून घेतला, टांगला नाही. लाकडाच्या तुकड्यावर खडूने त्याचे नाव लिहून तो टांगायला दिला. तो हसला — "बाबा, तुम्ही? आणि नियम मोडता?" — आणि शिडीवरून खाली गेला.

बिल्ला माझ्या खिशात आहे.

दुपार

अजून आलेले नाहीत. खिसा ओला झाला आहे. पिळून काढला. पुन्हा ओला —

खारट वास.

तीन वाजता

आले. पंचवीस जण बिल्ले घेऊन निघून गेले. फळ्यावर लाकडाचा तुकडा आहे, खडू पुसला गेला आहे. बाकीचे खिडकीबाहेर — रांगेत —

फोल्कर्ट सर्वांत पुढे. चेहरा त्याचाच आहे. कपाळावरचा लहानपणचा वण आहे. म्हणाला, "एकतीस. एगोन व्रेडे. बिल्ला द्या, महाशय."

महाशय म्हणाला. मला.

नाही दिला. नाव सांग, म्हटले. तुझ्या आईने ठेवलेले सांग. तो ओठ हलवतो आहे, पाणीच —

ज्याने टांगला त्यालाच द्यावा. हा नियम — यांचेच होते ते — मी घासून —

दार उघडले आहे. शेगडी विझली. पाणी उंबरठ्यावरून आत —

हे मी शुद्धीवर राहून लिहिले. समक्ष हजर असलेले साक्षीदार: ओटो किस्ट, बारा. वेन्झेल हाप्के, चौदा. यॉन्नी ब्रोडर्सन, सतरा. आणि पंधरा जण, जुन्या वहीप्रमाणे. आणि एकतीस, एगोन व्रेडे, जो माझ्या मुलाच्या हाताने ही वही —