चिमणीचा डोळा

शनिवार, संध्याकाळ. डब्लिन, ओहायो

नाही म्हणजे नाही, कपाट गॅरेजमध्ये जाणार नाही! कुणाच्या तरी घरातलं सगळं सामान विकायला काढलेल्या इस्टेट सेलमधून मी हौसेने आणलेलं जुनं चिनी कपाट. काळ्या लॅकरचे, म्हणजे चकचकीत रोगणाचे, थरावर थर, त्यात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली चिमणी. आज सासूबाईंनी ते ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि चिमणीचा डोळाच निघाला. वर त्याच म्हणतात, "खंडित वस्तू घरात नको." नवरा म्हणतो, "रीपेंट करू ना यार!" रीपेंट? एकेक थर वाळायची वाट बघत कुणीतरी महिनोन्महिने घालवले, आणि हा त्यावर रोलर फिरवणार? डोळ्याच्या जागी मी माझी लाल टिकली चिकटवली. दारी आलेल्या सवाष्णीला हाकलायचं नसतं, हे मला सासूबाईंनीच शिकवलंय. आता काढा तिला बाहेर!