चार नंबरची घळ

३ नोव्हेंबर, सोमवार
पाणी भरून झाल्यावर फोटो बघायला बसले. बहुतेक रिकामे, नुसतं गवत हललेलं. वाऱ्यालाही कॅमेरा टिपतो, त्याला काय कळतंय.
चार नंबरच्या घळीत कापकानी वॉलबी आली होती. पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर. ती गवत खायला वाकली, तर पिल्लूही पिशवीतूनच वाकून तेच गवत खातंय. दोघांचं जेवण एकदम. एकटीच हसले.

६ नोव्हें.
शेजारच्या जिग्नाबेन ठेपले घेऊन आल्या. स्क्रीनवर वाकून, "ये चूहा है क्या?"
म्हटलं, वॉलबी. कांगारूची धाकटी बहीण समजा. ऑस्ट्रेलियात कड्याकपारीत राहते. ही झुपकेदार शेपटीची जात, आता थोड्याच उरल्यात. तिथले लोक घळींमध्ये कॅमेरे लावतात. फोटो ढीगभर, बघायला माणसं कमी. म्हणून माझ्यासारखे कुठले कुठले लोक घरबसल्या बघतात आणि कोण दिसलं ते सांगतात.
"सुधाबेन, अपनी बिल्डिंग में कौन आया कौन गया वॉचमन को मालूम नहीं. आप उधर का जंगल संभालती हो!"
हसल्या. मग माझ्याच खुर्चीत बसून पंधरा फोटो बघितले. एकातही काही दिसलं नाही त्यांना. दोन फोटोंत वॉलबी होती, दगडाच्या रंगाची.
मला दिसते. वीस वर्षं खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवले, एक खडा कमी असला तरी लांबून कळायचं. कापकानीचा डावा कान टोकाला कापल्यासारखा आहे. ते पहिल्या दिवशीच दिसलं. बाकी कोणाला दिसलं नव्हतं.

९ नोव्हें.
ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच आला. ह्यांना जेवायला कधी दोनदा हाक मारावी लागली नाही.
लेक मनू सकाळीच बदलापूरहून आली होती, चारला गेली. भांडी घासली. मग घर एकदम…
फोटो उघडले. चार नंबर, पहाटेचा, करडा. कोल्हा. तोंडात काहीतरी धरलेलं. लांब शेपूट लोंबत होती, टोकाला झुपका. लहान की मोठी ते बघितलं नाही.
खाली बटणं असतात. वॉलबी, कोल्हा, मांजर, पक्षी, काही नाही.
'काही नाही' दाबलं. आजच्या दिवशी नको.
फोटोचा नंबर मात्र इथे लिहून ठेवतेय. का ते माहीत नाही. ४-११७.

१२ नोव्हें.
चार नंबरचे आज वीसेक फोटो. सगळे 'काही नाही'. हे खरेच का.ना.

१८ नोव्हें.
हेलनबाईंचं पत्र, सगळ्यांनाच. त्या तिकडे हे काम बघतात. इंग्रजी सोपं लिहितात, तरी डिक्शनरी जवळ घेऊन दोनदा वाचलं.
दोन आणि सात नंबरच्या घळीत कोल्हे दिसलेत. तिथे विषाची आमिषं ठेवणार. चार नंबरला कोल्हा नाही, म्हणून तिथली माणसंही दोन आणि सातला पाठवतायत.
रिकामा म्हटलेला फोटो पुन्हा कोणी बघत नाही. तेवढी माणसंच नाहीत.
कापकानी सोडून तिथे अजून निदान तीन आहेत. मी ओळखते त्यांना.
चहा केला. गार झाला.

१९ नोव्हें.
ह्यांची छाती तीन दिवस दुखत होती. स्टीलच्या कारखान्यातून आले की शर्टाच्या आतून हात चोळत बसायचे. विचारलं की, "काही नाही गं, ॲसिडिटी." जिऱ्याचं पाणी करून दिलं तिन्ही दिवस. चौथ्या दिवशी कारखान्यातूनच फोन आला.
हॉस्पिटल रिक्षाने पंधरा मिनिटं. सांगायचं नाही का? मला घाबरवायचं नव्हतं, असं मागाहून त्यांचा मित्र म्हणाला. दोन वर्षं मनातल्या मनात भांडतेय त्यांच्याशी ह्यावरून.
आणि मी काय केलं.

२० नोव्हें.
दाबलेलं बटण परत फिरवता येत नाही. सगळीकडे शोधलं. म्हणजे पत्रच लिहायला हवं.
जि.बेनना सांगितलं. वाटलं होतं, लिहा म्हणतील. म्हणाल्या, "आप लिखोगी तो वो लोमडी मरेगी ना? पाप किसको लगेगा?"
त्या जैन. चेष्टा नव्हती.
म्हटलं, "और नहीं लिखा, उसका किसको लगा?"
जाताना दारात म्हणाल्या, "उसके भी बच्चे होंगे, सुधाबेन."
असतील. कोल्हा काही आपणहून गेला नाही तिथे. गोऱ्या साहेबांनी शिकारीच्या मौजेसाठी बोटीतून नेला. वॉलबीला तो माहीतच नव्हता. पण ते आता कोल्ह्याला कोण सांगणार.
मोरवा गावाच्या बाजूला खारफुटीत ह्यांनी मला एकदा कोल्हा दाखवला होता. उभा राहून आमच्याकडे बघत होता. केवढा आवडला होता.
हे सगळं आठवत असूनही लिहिलं. कोल्हा होता. तोंडात वॉलबी होती. मला दिसलं आणि मी काही नाही म्हटलं. फोटो ४-११७. माझ्या नवऱ्याचा दिवस होता, हेही लिहिलं होतं, मग खोडलं. ते कारण त्यांच्या कामाचं नाही.
मनूला दाखवलं नाही. इंग्रजीच्या चुका असतील त्या असोत.

२४ नोव्हें.
उत्तर आलं. रागावल्या नाहीत. फोटो काढून बघितला, कोल्हाच आहे, तोंडातली वॉलबी पूर्ण वाढलेली. कान दिसत नाही. पिल्लाचं काही कळत नाही. माणसं चार नंबरला परत जातायत. आणि यापुढे रिकामा फोटोही दोघांनी बघायचा, असं ठरवलंय.
शेवटी एक ओळ: पंधरा दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.
ती लिहिली हे चांगलं केलं त्यांनी.

७ डिसें.
चार नंबरजवळ कोल्ही मेलेली सापडली. आमिष खाऊन. एकच.
जि.बेनना सांगितलं. गच्चीवर पाखरांना दाणे टाकतात रोज, आज जास्त टाकले. माझ्या हातातही मूठभर दिले. टाकले.

१५ डिसें.
मनूचा फोन. "आई, ये ना इकडे महिनाभर. तिथे एकटी बसून काय करतेस, त्या उंदरांचे फोटो?"
"उंदीर नाहीत गं."
"बरं, माकडं."
मुद्दाम. ह्यांच्यासारखीच.
ठेवता ठेवता म्हणाली, "ती कानवाली दिसली का गं?"
नाही म्हटलं.

२२ डिसें.
चार नंबर. दोन वॉलब्या, कान चारही शाबूत. कोल्हा नाही. गवत, गवत.

४ जानेवारी, रविवार
चार नंबर, संध्याकाळचा. कड्यावरून उडी मारताना पकडलेली, अर्धीच. मागचे पाय, झुपका, पोटाची पिशवी भरून लोंबलेली. डोकं चौकटीच्या बाहेर.
मोठं करून बघितलं. नुसते ठिपके. चष्मा पुसून परत बघितलं.
कापकानीचं पिल्लू नोव्हेंबरातच डोकं काढत होतं. एव्हाना बाहेर पडलं असेल. मग ही दुसरी कोणी. किंवा नसेल पडलं अजून. पुस्तकात महिने दिलेत, पण पिल्लं काय पुस्तक वाचून बाहेर येतात?
जि.बेन मागे उभ्या. ह्या वेळी त्यांनाही लगेच दिसली. "वही है, सुधाबेन. लिख दो ना, क्या जाता है."
'वॉलबी' दाबलं. खाली ओळख लिहायची जागा असते. तिथे बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: पिशवी भरलेली आहे. कान दिसला नाही.
पाणी येऊन गेलं. भरायचं राहिलं.