राखणदाराला हॉर्न

बाबा, दुरूनच हात जोडते.

१. सोमवारी इथल्या रेल्वे क्रॉसिंगवर आगगाडीने तांदळाच्या ट्रकला धडक दिली.
२. ट्रकवाल्याचा पाय मोडला, पण तो वाचला.
३. मला काही झालेलं नाही.

सिग्नल मीच तपासला, तो चालू होता. गाडीने भोंगाही दिला होता. पण हायवेवरचा प्रत्येक ट्रक रुळाशेजारच्या राखणदार देवाच्या देवळाला हॉर्न वाजवून नमस्कार करतो. त्या आवाजात भोंगा बुडाला, आणि ट्रकवाल्याची नजरही देवळाकडेच होती.

देऊळ रुळापासून लांब हलवा, असं मी गावात सुचवलं. नूडल्स विकणाऱ्या मालीमावशी हसल्या, "इंजिनीअरबाई, देव म्हणजे काय तुमचा सिग्नलचा खांब, उपटला नि रोवला? देव हलवायचा विधी जाणणारा माणूस आणा आधी!"

तो विधी तुम्ही करता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. प्रवास लांबचा आहे. गुडघा कसा आहे? आई शेकून देते ना?

मी वेळेवर जेवते. झोप तेवढी कमी आहे, कारण हॉर्न वाजला की मी भोंग्याची वाट बघत बसते.

पुढच्या आठवड्यात साखर कारखाना सुरू होतोय, मग उसाचे ट्रक रांगेने येतील. तुम्ही याल की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची,
कन्निका