हललेले फोटो

प्रिय धाकटे,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठते, गॅस बंद आहे ना ते उगीच पाहून येते, परत बसते. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. तो फाडायच्या आधी निदान वाचशील.

माझी नोकरी तीच, संग्रहालयातली, पण काम बदललंय. आता मी जुन्या वस्तूंचे फोटो काढते, तेही साध्या मोबाइलने. मडकं मधोमध ठेवायचं आणि त्याच्याभोवती फिरत वरून, खालून, बाजूने शंभरेक फोटो काढायचे. संगणक ते एकमेकांशी जुळवतो आणि पडद्यावर सगळीकडून फिरवून पाहता येईल असं मडकं उभं करतो. त्यावरून हुबेहूब दुसरं बनवूनही घेता येतं. अट एकच, वस्तू हलता कामा नये. साहेब म्हणतात, मडक्यांची समजूत काढावी तर हिनेच. माणसांची मला काढता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

आता आईचं. गेल्या वर्षी तिच्या नाकाच्या कडेला लहानशी पुळी आली. चष्मा घासत असेल, म्हणत तिने सहा महिने अंगावर काढले. तो कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आता हिंडतेफिरते. पण धाकटे, नाक पूर्ण काढावं लागलं. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती आणि मी ती पाळली. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. म्हटलं, आकार जपून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. एकशेवीस फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ती आत असताना हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप उघडला, तर नाकाच्या जागी वितळलेल्या मेणासारखा गोळा. एकेक फोटो पाहिला तेव्हा कळलं. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराकडे बघत होती. दर वेळी. पुन्हा फोटो काढायला आता नाक उरलं नव्हतं. मडक्याचे फोटो तपासल्याशिवाय मी ते जागचं हलू देत नाही. आईच्याच वेळी कशी विसरले?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आई घरातही मास्क लावून असते, ताट खोलीत घेऊन जाते, आरशावर तिने टॉवेल टाकलाय. कृत्रिम नाक बनवणारे एक कारागीर आहेत, फार भला माणूस. त्यांनी तयार साच्यातलं एक लावून दाखवलं. आई म्हणाली, "हे कुण्या पाहुण्याचं दिसतंय." आम्ही तिघंही हसलो, मग ती रडली. जुने फोटो दिले, पण ते सगळे समोरून काढलेले. आणि माझं नाक बाबांचं, बसकं.

कारागिरांनी विचारलं, नात्यात कुणाचं यांच्यासारखं नाक आहे का? आईच मास्कच्या आडून म्हणाली, "धाकटीचं. पण मी तिला नको ते बोलले. ती कशाला येईल?" ठरलेलं लग्न तू मोडलंस तेव्हा ती "माझं नाक कापलंस" म्हणाली होती, ते सहा वर्षांत ती विसरलेली नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बघ, तिने नव्हतं कापलं."

म्हणून हे पत्र. तुझं नाक हवंय, फोटोंपुरतं. तूच काढून पाठव, असं लिहिणार होते, पण स्वतःभोवती स्वतःला फिरता येत नाही, दुसरं माणूस लागतं. तेव्हा ये. दहा मिनिटं बसायचं. आईशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. तोंड हललं की फोटो बिघडतात, त्यामुळे तेवढा वेळ तीही तुला काही बोलायला लावणार नाही. पण फोटो मी तू घरात असतानाच तपासणार, आणि त्याला चांगला तासभर लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

तुझीच, अजूनही ऊठ-बस करणारी,
ताई