साच्यावरची खाच

शनिवार, मार्कहॅम

अजून राग जात नाही. नेमबाजीच्या रेंजवरच्या माझ्या पिस्तुलाच्या गोळ्या घरीच शिसं वितळवून ओतायच्या म्हणून किती विचार करून ॲल्युमिनियमचा साचा घेतला. हाताला हलका, लवकर तापणारा, पण मऊ. दुपारी गॅरेजचं दार उघडं ठेवून बसले. साबणानं साच्याचं तेल धुतलं, तो तापवला. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, तशा निघतातच. मग गुळगुळीत निघायला लागल्या आणि एक आत अडकली. तेवढ्यात आईचा फोन आला. शिसं वितळवायची शेगडी बंद करून आत गेले. परत येते तर नवऱ्यानं हातोडीनं साचाच ठोकलेला. कडेला खाच, आणि दोन्ही भाग नीट मिटत नाहीत.

"अगं, हेल्पच करत होतो. तुला जमत नव्हतं ना."

जमत नव्हतं? साच्याच्या बिजागरीवर लाकडानं टकटक केलं की अडकलेली गोळी पडते. हे मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं का? खाच नखाएवढीच आहे. मग एवढी का टोचतेय?

आत्ता येऊन म्हणाला, "नवीन ऑर्डर करू?"

"साचा मी निवडेन. तू गॅरेजबाहेर राहा."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याचं हसू थांबलं.